हणमंत व्लाख

हणमंतावर चार पानं लिहून द्या, असं शाळेच्या स्मरणिकेवाल्यांनी मला दोनदा सांगितलं. पहिल्यांदा डोळ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून मी टाळलं. दुसऱ्यांदा शाळेच्या विहिरीवर लेख लिहून दिला. खडक किती हातांवर लागला, पाणी कसं गोड निघालं, सगळं होतं त्यात. विहीर बांधणाऱ्या वडारांबद्दल एक वाक्य होतं. हणमंताचं नाव नव्हतं. लेख लोकांना आवडला. "आप्पा गुरुजी, लई झ्याक लिवलंय," असे दोन-तीन फोनही आले.

आता मी ऐंशी ओलांडली आहे आणि हणमंत जाऊन तीन वर्षं झाली. त्याच्या मुलीचा जातीचा दाखला माझ्या एका वाक्यावर टिकणार किंवा जाणार होता. ते वाक्य मी खोटं बोललो. का बोललो, आणि हणमंतानं त्या खोट्याचं स्वतःच्या घरात काय करून घेतलं, हे गेल्या महिन्यापर्यंत मलाच ठाऊक होतं. स्मरणिका निघो न निघो, हे लिहून ठेवतो.

तलवाड्यापासून दोन कोसांवरचं आमचं गाव, आणि पहिलीपासून दहावीपर्यंतची शाळा. हणमंत तिथला शिपाई. ठेंगणा, रुंद हातांचा. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं, लहानपणी दगड फोडायची सुतकी बसली होती म्हणून. खाकी सदऱ्याचं गळ्याचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं असायचं. ऑफिसात चार खुर्च्या रिकाम्या असल्या तरी तो बसायचा पायरीवर. "बस की वर," म्हटलं तर म्हणायचा, "गुरुजी, ही पायरी माझ्या बानं बसवल्याली हाय. हितं मी मालक हाय, तिथं शिपाई." हे खरंच होतं. शाळेची पायरी आणि विहीर दोन्ही त्याच्या बापाच्या, तिमाप्पाच्या हातची.

दगड दिसला की हणमंत थांबायचा. वर्गात तास चालू असो, हातात सूचनांची वही असो, नवा दगड पडलेला दिसला की खाली वाकून बोटाच्या पेरानं त्यावर ठकठक करायचा आणि कान लावायचा. नव्या वर्गखोल्यांचं काम निघालं तेव्हा ठेकेदारानं दगडाच्या दोन गाड्या टाकल्या. हणमंतानं मधल्या सुट्टीत निम्मे दगड बाजूला काढले.

ठेकेदार तणतणत आला. "कावून हलवले बे दगड?"

"मुके हायेत, मालक. आवाज देईनात. आतून फुटल्यालं हाय."

"तू शिपाई हायस का इंजिनेर?"

"शिपाईच हाय म्हनून सांगितलं. इंजिनेर असतो तर सही केली असती."

सगळे शिक्षक खिडकीत उभे राहून हसले. ठेकेदारानं ते दगड परत भिंतीत घातलेच, आणि तिसऱ्या वर्षी त्या भिंतीला कोपऱ्यापासून वरपर्यंत भेग गेली. हणमंत त्या भेगेकडे कधी बोट दाखवायचा नाही. मुलांना फक्त तिथे टेकून बसू द्यायचा नाही.

सातवीपर्यंत शिकला होता. वाचायला मिळेल ते वाचायचा, भजी बांधून आलेला कागदसुद्धा. आणि वाचून झालं की मला विचारायचा, "गुरुजी, हे हाय तसं लिवलंय, का लिवलंय म्हनून तसं हाय?" हे तो लग्नपत्रिकेबद्दल विचारी आणि जिल्हा परिषदेच्या परिपत्रकाबद्दलही. आम्ही हसायचो.

मी मुख्याध्यापक झालो त्या सुमारास कुण्या शहरातल्या वाचनालयानं रद्दीत काढलेली पुस्तकं आमच्या शाळेला भेट म्हणून आली. त्यात एका जाडजूड इंग्रजी ज्ञानकोशाचा फक्त शेवटचा भाग होता. आधीचे सगळे भाग कुठे गेले कोण जाणे. हणमंताला त्या पुस्तकाचं फार वाटायचं. धूळ पुसायच्या निमित्तानं तो चित्रं बघत बसे. एक दिवस ते उघडं पुस्तक घेऊनच माझ्या टेबलाशी आला. चित्रात डोंगराची उतरण होती, मेंढरं होती, आणि खेचरावर बिऱ्हाड लादलेली माणसं.

"गुरुजी, हे कोन?"

मी वाचून मराठीत सांगितलं. युरोपात बाल्कन म्हणून डोंगराळ मुलुख आहे. तिथले हे व्लाख. उन्हाळ्यात मेंढरं घेऊन डोंगरावर जातात, थंडीत खाली उतरतात. काही जण खेचरांवरून माल वाहतात. भोवती सगळे ग्रीक, सर्ब, बल्गार, पण हे घरात जी भाषा बोलतात ती जुन्या रोमच्या लोकांच्या भाषेतून आलेली. व्लाख हे नाव त्यांना दुसऱ्यांनी दिलं, ते स्वतःला वेगळंच म्हणतात. ग्रीक म्हणतात हे मूळचे आमचेच, मधल्या काळात भाषा बदलली इतकंच. रोमानियावाले म्हणतात बोली आमची, म्हणजे माणसंही आमची. जो राजा येईल तो त्यांना आपल्या वहीत आपल्या नावानं मोजून घेतो.

हणमंत खाली बसला. "त्यांला कुनी इचारलं का न्हाई?"

"विचारलं. तर एकाच घरातले दोन भाऊ दोन उत्तरं द्यायचे म्हणे."

"द्येनारच की," तो म्हणाला. "आमचा थोरला भाऊ शिरूरला असतोय ना, शिरूर कासारला. त्याच्या शाळेत त्याला बेलदार लिवलंय. चुलता गेवराईत, तो वडार. आन माझ्या दाखल्यावर पाथरवट. येका चुलीवरचे तिघं, गुरुजी, तीन जाती."

आणि तो खदखदून हसला. मी हसलो नाही. त्याच्या दाखल्यावरचा तो शब्द कुणी लिहिला हे मला माहीत होतं. तेव्हा ते इतकं महत्त्वाचं वाटलं नाही, हेही खरं.

त्यानंतर व्लाख हे त्याचे पाहुणेच झाले. थंडी पडली की म्हणायचा, "आता उतरली असतील मंडळी डोंगरावरून." एका निवडणुकीत तलवाड्याच्या चहाच्या हॉटेलात एका उमेदवाराचा माणूस वही घेऊन बसला होता, कुठल्या समाजाची किती घरं याची मोजणी करत. हणमंताला त्यानं विचारलं, "मामा, तुमचा समाज कोनचा?"

"व्लाख."

"काय?"

"व्लाख. लिवा की. अल्पसंख्य हाय."

"किती घरं?"

"हितं चार. बाकी भाईर असत्यात, मेंढरामागं."

त्या माणसानं 'व्लाख, चार घरं' असं इमानदारीत लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी जीप गावात आली आणि व्लाख समाजाच्या बैठकीला साहेबांनी कधी यावं, असं विचारू लागली. गाव लोळायचं बाकी राहिलं. तेव्हापासून हणमंत धोत्रे हा हणमंत व्लाख झाला. त्यालाही ते आवडायचं. "ह्या नावाला कुनी शिवी म्हनून वापरलेलं न्हाई अजून," म्हणायचा.

वडार हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा वापरत. मुलगा मळका आला की, 'काय वडरावानी दिसतोय.' हे मी माझ्या घरातही ऐकलं आहे, माझ्या तोंडूनही. म्हणूनच दाखल्यावरच्या त्या नोंदीची गोष्ट आता सांगतो.

पन्नासहून अधिक वर्षं झाली. मी नवा मास्तर होतो. तिमाप्पा दगडाच्या गाड्या घेऊन विहिरीच्या कामाला आला आणि गायरानात पालं टाकून राहिला. मी पालावर जाऊन त्याच्या धाकट्याला, हणमंताला, शाळेत आणलं. मला त्याचा फार अभिमान वाटला होता. प्रवेशाच्या रजिस्टरात नाव लिहिलं. जन्मतारीख एक जून लिहिली, जशी अर्ध्या गावाची लिहायचो. जातीच्या रकान्याशी पेन थांबलं. तिमाप्पा विहिरीत होता. वरून मला छिन्नीचा आवाज येत होता. हाक मारली असती तर वर आला असता. मी हाक मारली नाही. मनात आलं, वडार लिहिलं तर पोराला जन्मभर शिवी चिकटेल, आणि पोलिसांच्या हजेऱ्या या लोकांच्या मागं लागलेल्या मी पाहिल्या होत्या. हे दगड घडवतात, म्हणजे पाथरवटच की. स्वच्छ शब्द आहे, मानाचा आहे. मी 'पाथरवट' लिहिलं. पाथरवट ही वेगळी जात आहे, यादीतली तिची जागा वेगळी आहे, याचा विचार केला नाही. त्या संध्याकाळी मी एका पोराचं कल्याण केल्याच्या आनंदात जेवलो.

वर्गात तो घरची बोली बोलायचा. पाण्याला 'नीळू' म्हणायचा. बाकीची पोरं हसायची आणि मी छडी दाखवायचो. त्याला, हसणाऱ्यांना नाही. दिवाळीपर्यंत त्याची ती बोली शाळेत बंद झाली. पुढे त्यानं ती स्वतःच्या पोरांनाही शिकवली नाही. "कशाला? छड्या खायला?" असं तो हसत म्हणाला होता एकदा.

त्याची मुलगी रेणुका अभ्यासात फार पुढे गेली. तालुक्यात तिचं नाव झालं. तिला जनावरांचं डॉक्टर व्हायचं होतं. लहानपणी म्हणे एक शेळी तिच्या मांडीवर मेली होती. वडार म्हणजे विमुक्त जाती. त्या जागेवर तिला पशुवैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळाला. जातीचं प्रमाणपत्र होतं, पण पडताळणी राहिली होती. आमच्याकडे जिच्या घरात पोरगं बारावी झालंय अशा प्रत्येक आईला पडताळणी म्हणजे काय हे ठाऊक आहे. आजोबा-पणजोबांचे जुने कागद काढायचे, समितीपुढे ठेवायचे, आणि ती म्हणेल ते तुम्ही.

हणमंतानं खताच्या रिकाम्या पिशवीत सगळे कागद जमवले. चुलत्याचा वडार लिहिलेला दाखला होता. निजामाच्या वेळचा एक उर्दू कागदही कुठूनसा मिळवला होता, त्यात त्याच्या आज्याला 'वड्डर' म्हटलेलं. आणि सगळ्यांच्या वर त्याचा स्वतःचा दाखला: पाथरवट. समितीला विसंगती दिसली. चौकशीला दक्षता पथक आलं.

मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण रजिस्टरातलं अक्षर माझं, म्हणून मलाही बोलावलं. साहेब आणि त्यांचे लेखनिक आधी हणमंताच्या घरी गेले. मीही गेलो. अंगणात खाट टाकली होती. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे छापील प्रश्न होते आणि तो ते विचारत होता.

"कुलदैवत?"

"यल्लम्मा," हणमंत म्हणाला.

"तुम्ही थांबा. मुलीला विचारतोय. तुमच्या बोलीत भाकरीला काय म्हणतात? ये, बस, जा, म्हणून दाखव."

रेणुकाला बारावीचं सगळं जीवशास्त्र पाठ होतं. आजीच्या बोलीतला एक शब्द तिच्या तोंडातून निघेना. आई यल्लूबाई दारातून हळूच काहीतरी पुटपुटली. लेखनिक म्हणाला, "बाई, सांगू नका."

"जुन्या बायका चोळी घालत होत्या का?" साहेबांनी कागदावरचं वाचलं. "तुमची आजी?"

अंगणाबाहेर निम्मं गाव उभं होतं. वडारांच्या जुन्या बायका चोळी घालत नसत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते एका परक्या माणसापुढे, आपल्या आजीबद्दल, अठरा वर्षांच्या मुलीनं मोठ्यानं सांगायचं होतं. रेणुकानं मान खाली घातली. मग हणमंत बोलला. त्याचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"सायेब, न्हाई घालत हुती माझी माय. पदरात दगडं वाह्याची. लिवा. पोरीला नका इचारू, मला इचारा. बाईच्या अंगावर काय न्हवतं ह्याच्यावरनंच जात ठरत असंल तर मी सांगतो सगळं."

साहेबांनी पेन थांबवलं. "मला विचारावं लागतं हो," म्हणाले. मग लिहून घेतलं.

तिथून आम्ही शाळेत आलो. रजिस्टर काढलं. पानं पिवळी, अक्षर माझं, काळी शाई. साहेबांनी 'पाथरवट'वर बोट ठेवलं.

"हे तुम्ही लिहिलंत, गुरुजी?"

"हो."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

सगळं या उत्तरावर होतं. 'कुणाच्याच नाही, बापाला न विचारता धंदा बघून मी लिहिलं,' एवढं मी म्हटलं असतं आणि त्याखाली सही केली असती, तर ती नोंद एका मास्तराची चूक ठरली असती. चुलत्याचा दाखला आणि उर्दू कागद पुढे आले असते. साहेब स्वतः ते ऐकायला तयार होते, असं मला आजही वाटतं. त्यांनी दोनदा विचारलं. "आठवा नीट. त्या काळी शिक्षक बऱ्याचदा आपल्या मनानं लिहायचे."

आता माझं सांगतो. आम्ही लिंगायत. माझा मुलगा याच शाळेत शिकला, आणि त्याची नोंद याच रजिस्टरात, हणमंतापासून काही पानांवर, माझ्याच अक्षरात आहे. मी आधी 'हिंदू लिंगायत' एवढंच लिहिलं होतं. पुढे सवलतीच्या याद्या आल्या, नुसत्या लिंगायताला काही नाही आणि लिंगायत वाण्याला आहे असं कळलं, तेव्हा मी कपाटातून रजिस्टर काढून त्यापुढे 'वाणी' हा शब्द लिहिला. आम्ही वाणीच आहोत, किराण्याचं दुकान होतं आमचं. शब्द खोटा नव्हता. पण तो नंतर लिहिला होता. त्याच शाईनं. आणि त्याच महिन्यात माझ्या नातवाचा इंजिनिअरिंगचा प्रवेश त्याच नोंदीवर, पडताळणीसाठीच पडून होता. मी मनानं नोंदी लिहायचो असं एकदा म्हटलं की साहेब पुढची पानं उलटणार, हे मला दिसलं.

हणमंत चहाचे कप घेऊन आत आला होता. कप ठेवत होता.

मी म्हणालो, "पालकांनी सांगितलं तसंच लिहिलं. तिमाप्पानं स्वतः सांगितलं होतं."

लेखनिकानं ते लिहिलं. मी सही केली. हणमंतानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा बोलणार. पण त्या वेळी तो सात वर्षांचा होता, जात लिहिताना कुठेतरी गोट्या खेळत असेल. त्याला काय माहीत? त्यानं बशीत सांडलेला चहा फडक्यानं पुसला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला.

दावा अवैध ठरला. निकालात असं होतं की अर्जदाराच्या आजोबांनी स्वतः आपली जात पाथरवट सांगितल्याचं तत्कालीन शिक्षकाच्या जबाबावरून दिसतं, तेव्हा आता वडार असल्याचा दावा म्हणजे दिशाभूल आहे. रेणुका दुसऱ्या वर्षाला होती. तिला परत यावं लागलं. माझ्या नातवाची पडताळणी झाली. पेढे वाटले आम्ही. हणमंताच्या घरीही गेला पुडा. मीच पाठवला असं नाही, सुनेनं सगळ्या गल्लीत दिले तसे तिथेही दिले. मी अडवलं नाही.

मला वाटलं होतं हणमंत माझ्यावर चिडेल. तसं झालं असतं तर कदाचित मी बोललोही असतो. पण त्यानं माझा शब्द खरा मानला. ज्या माणसानं त्याला पालातून शाळेत आणलं तो खोटं बोलेल, हे त्याच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. तो बापावर चिडला.

रस्त्यात भेटला की थांबवायचा. "गुरुजी, बानं कावून सांगितलं असंल हो तसं?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणालो, "पोलिसांच्या भीतीनं सांगितलं असेल." म्हणजे एका खोट्याला दुसरं जोडलं.

"भ्याला व्हय," तो म्हणाला. "आमच्यापुढं तर लई वाघ हुता. सरकारी सायेबापुढं जात बदलली म्हना की."

पुढच्या भाद्रपदात यल्लूबाई आमच्या दारात आली. पितरांचा पंधरवडा चालू होता. म्हणाली, "गुरुजी, तुमीच सांगा ह्यांला. सासऱ्याच्या नावानं घास टाकू दीनात. म्हनत्यात, खोटं बोलनाऱ्याला कशाला घास. पोरीचं वाटुळं केलं म्हनत्यात. म्हातारं मानूस उपाशी ऱ्हाईल ना वो तिकडं."

मी तिच्याबरोबर गेलो. पानं मांडलेली होती. सासूच्या नावाचा घास तिनं पत्र्यावर ठेवला होता. शेजारची जागा मोकळी. हणमंत भिंतीला पाठ लावून बसला होता.

"हणमंता, बापाचं पान मांड," मी म्हणालो.

"तुमी सांगितलं म्हनून मांडतो. पर ते खाईल कोन्त्या तोंडानं?"

"त्याची चूक नव्हती."

"मंग कुनाची?" त्यानं सरळ माझ्याकडे बघून विचारलं. त्यात संशय नव्हता. तो खरंच विचारत होता.

यल्लूबाई भाताचं पातेलं धरून उभी होती. रेणुका आत कपडे घडी करत होती, तिचे हात थांबलेले मला दिसले. मी म्हणालो, "काळ तसा होता." आणि चप्पल घालून घरी आलो. पान मांडलं की नाही, ते मी विचारलं नाही.

नोकरीतून सुटल्यावर त्याला एकच काम उरलं. हायकोर्टाच्या खंडपीठात त्यानं दाद मागितली. वकील म्हणाला, मुलीचं शिक्षण तर गेलंच, आता कशाला? हणमंत म्हणाला, "जागा नगं. त्या कागदावर माझा बाप खोटारडा ठरलाय, तेवढं खोडून मागायचं हाय. मी शिव्या दिल्या त्यो घरातला मामला. सरकारानं कावून द्याव्या?" दर तारखेला तो ती खताची पिशवी घेऊन एसटीनं जायचा. कधी तारीख पुढे, कधी वकील नाही. व्लाखांचा विषय त्यानं पूर्ण सोडला होता. कुणी थट्टेनं त्या नावानं हाक मारली तर नुसता बघायचा.

नातवानं पुढे नोकरी बदलली. आता तो परदेशात आहे. त्या प्रमाणपत्राला त्याच्या लेखी रद्दीचा भाव आहे. म्हणजे आज खरं सांगायला मला काहीही गमवावं लागत नाही, आणि म्हणूनच मी सांगतो आहे. हे वाचणाऱ्यानं विसरू नये.

गेल्या महिन्यात मी शपथपत्र केलं आणि रेणुकाकडे घेऊन गेलो. ती गेवराईत जनावरांच्या औषधाच्या दुकानात काम करते. म्हैस घेऊन आलेल्या एका बाईला कोणती गोळी गुळातून द्यायची ते समजावत होती. बाई गेल्यावर तिनं कागद उभ्याउभ्या वाचला. दोनदा वाचला.

"हे तवा बोलायला किती येळ लागला असता, गुरुजी?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"येक मिनिट? दोन?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "माझं जाऊ द्या. मी करते माझं. आण्णा शेवटपतूर आज्याला शिव्या देत गेले, गुरुजी. मरताना त्यांचं आज्याशी भांडण हुतं."

तिनं कागदाची घडी घातली आणि काउंटरखालच्या खणात टाकली. वकिलाला देणार का, हे मी विचारलं नाही. गिऱ्हाईक आलं होतं.

हणमंताला मी शेवटचं पाहिलं ते गेवराईच्या स्टँडवर. सकाळची वेळ. मी डोळे दाखवायला निघालो होतो, तो तारखेला. औरंगाबादची गाडी लागली होती आणि तो खिडकीशी बसला होता, गळ्याचं बटण लावलेलं, पिशवी मांडीवर. मला बघून अर्धा उभा राहिला, शाळेत राहायचा तसा.

त्या दिवशी माझ्या मनात सगळं ठरलेलं होतं. कित्येक दिवस ठरलेलं होतं. मी गर्दीतून खिडकीपाशी गेलो, गज धरला.

"काय म्हनता गुरुजी? काई काम हुतं का?"

"हणमंता..."

"बोला की. आज सुनावनी हाय म्हनला वकील. जज साहेबांनी इचारलं तर काय सांगू? बा भ्याला हुता म्हनू का?"

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. मी गज धरून चार पावलं चाललो. तो माझ्याकडे बघत होता, उत्तराची वाट बघत.

"काही नाही," मी म्हणालो. "सावकाश जा."

त्यानं हात जोडले. बाविसाव्या दिवशी तो गेला, घरच्या अंगणात, बसल्या जागी.

चार पावलांत जे म्हणता आलं असतं ते एवढंच होतं: हणमंता, मला माफ कर. तुझा बाप भ्याला नव्हता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तो खाली विहिरीत दगड घडवत होता, आणि वर बसून मी लिहिलं.